खोली बदलली की बिलात काय काय बदलतं

खासगी रुग्णालयात दाखल असताना वॉर्ड बदलायचा ठरला, तर बहुतेक घरांत एकाच आकड्याचा हिशेब होतो. ट्विन शेअरिंगचं भाडं रोजचं ४,००० रुपये, सिंगल रूमचं ८,०००. चार दिवस राहायचं, म्हणजे १६,००० रुपये जास्त. रेल्वेत टीसीकडे फरक भरून स्लीपरमधून एसीत जाऊन बसावं, तसंच हे असेल अशी समजूत असते. पेशंटला झोप लागत नाही, शेजारच्या खाटेपाशी माणसांची सतत वर्दळ आहे, आणि खर्च तर १६,००० रुपयांचाच, म्हणून होकार दिला जातो. डिस्चार्जच्या दिवशी बिलिंग काउंटरवर कळतं की हा फरक पन्नास-साठ हजारांचा आहे. त्या वेळी करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. म्हणून हे सगळं कसं चालतं, ते आधीच नीट समजून घेऊ.

रुग्णालयाचं दरपत्रक म्हणजे एक मोठा तक्ता असतो. उभ्या बाजूला सेवा: सर्जनची फी, भूलतज्ज्ञाची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं, डॉक्टरांचा राउंड, नर्सिंग, ड्रेसिंग, फिजिओथेरपी, सोनोग्राफी, सीटी स्कॅन. आडव्या बाजूला खोलीचे वर्ग: जनरल वॉर्ड, सेमी-प्रायव्हेट किंवा ट्विन शेअरिंग, सिंगल, डिलक्स, स्वीट. एकाच सेवेचा दर प्रत्येक रकान्यात वेगळा असतो, आणि डावीकडून उजवीकडे जाताना तो चढत जातो. पेशंट दाखल होताना त्याच्या नावापुढे एक बिलिंग कॅटेगरी लागते, आणि पुढची जवळपास प्रत्येक नोंद त्या रकान्यातून उचलली जाते. वॉर्ड बदलणं म्हणजे हा रकाना बदलणं. खोलीचं भाडं ही त्या रकान्यातली फक्त पहिली ओळ.

यातून वाचतात ती मुख्यतः औषधं आणि सिरिंज, सलाईन, हातमोजे यांसारखं साहित्य. त्यावर छापील किंमत असते आणि ती खोली पाहून बदलत नाही. शस्त्रक्रियेत बसवलेलं इम्प्लांट, म्हणजे गुडघ्याचा सांधा किंवा हृदयातला स्टेंट, त्याचंही तसंच. बाकी जवळपास सगळं हलतं.

सर्जन तोच, थिएटर तेच, सीटीचं मशीनही तेच. मग दर वेगळा का? रुग्णालयांचं म्हणणं असं की वरच्या वर्गातल्या पेशंटकडून जास्त घेतल्यामुळेच जनरल वॉर्डचे दर खाली ठेवता येतात. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि जनरल वॉर्ड परवडण्याजोगा राहावा म्हणून ही पद्धत काही प्रमाणात मला मान्यही आहे. मान्य नाही ते एवढंच, की शिफ्टिंगच्या वेळी नातेवाइकाला फक्त खोलीचं भाडं सांगितलं जातं आणि बाकीचा रकाना झाकलेला राहतो.

आता मुक्कामाच्या मध्येच वर सरकण्याचा प्रश्न. इथे प्रत्येक रुग्णालयाचा स्वतःचा नियम असतो. काही ठिकाणी नवा दर खोली बदलल्या दिवसापासून लागतो. आधीचे दिवस आधीच्या दराने, पुढचे पुढच्या. काही ठिकाणी वरच्या वर्गात पाऊल टाकलं की दाखल झाल्या दिवसापासूनचं बिल नव्या रकान्यातून पुन्हा मांडलं जातं. तिसरा प्रकार शस्त्रक्रियेपुरता असतो: मुक्कामात ज्या सर्वांत वरच्या वर्गात तुम्ही राहिलात, त्या दराने शस्त्रक्रियेची फी लागते, मग ऑपरेशन झालं त्या दिवशी तुम्ही ट्विन शेअरिंगमध्ये असलात तरी. शिफ्टिंगच्या आधी जो कागद सहीसाठी पुढे येतो, त्यात बहुधा यातला एक नियम लिहिलेला असतो. नातेवाईक उभ्याउभ्या सही करतात, कारण मावशी व्हीलचेअर घेऊन दारात थांबलेल्या असतात. व्हीलचेअर पाच मिनिटं थांबू शकते. तो कागद वाचून मगच सही करावी. शिफ्ट होण्याची वेळही विचारून घ्यावी, कारण काही रुग्णालयांत दिवस दुपारी बारापासून मोजतात, काही ठिकाणी चोवीस तासांनी, आणि बदलाच्या दिवसाचं भाडं बहुधा वरच्या खोलीचं लागतं. दिवस बदलायला तास-दोन तासच उरले असतील, तर तेवढं थांबून एका दिवसाचं भाडं वाचतं.

खाली येताना हिशेब उलटा होईल अशी अपेक्षा असते, पण तसा तो होत नाही. सिंगल रूममध्ये असताना शस्त्रक्रिया झाली आणि तिसऱ्या दिवशी पैशांची ओढाताण होऊन जनरल वॉर्डात आलात, तरी शस्त्रक्रियेची फी, भूल, थिएटर हे सगळं सिंगलच्याच दराने राहतं. कमी होतं ते पुढच्या दिवसांचं भाडं, राउंड आणि नर्सिंग. म्हणून वर्ग ठरवण्याची खरी वेळ शस्त्रक्रियेच्या आधीची. नियोजित ऑपरेशन असेल, तर आधी खालच्या वर्गात राहून ऑपरेशननंतर, दर 'बदलल्या दिवसापासून' लागतो याची खात्री करून, वर जाणं स्वस्त पडतं. आधी वर राहून मग खाली येणं बहुतेकदा महागच.

अतिदक्षता विभागाचं गणित आणखी वेगळं. आयसीयूचं रोजचं भाडं सगळ्यांना एकच असलं, तरी तिथल्या डॉक्टरांच्या भेटी आणि तपासण्या पेशंटच्या मूळ कॅटेगरीच्या दराने लागू शकतात. पेशंट थेट आयसीयूतच दाखल झाला असेल, तर त्याची कॅटेगरी कोणती धरली, हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं. कुणी काही सांगितलं नाही तर रुग्णालय स्वतःच्या पद्धतीने एखादा वर्ग लावून टाकतं. शिवाय पेशंट खोलीतून आयसीयूत गेला आणि नातेवाइकांनी सामानासाठी, विश्रांतीसाठी खोली तशीच ठेवली, तर दोन्ही भाडी चालू राहतात. विमा कंपनी त्यातलं एकच मान्य करते. काळजीच्या त्या रात्री खोली रिकामी करण्याचं कुणाच्या डोक्यात येत नाही, पण घरातल्या एकाने तरी हे लक्षात ठेवावं. वॉर्ड हा दराचा पाया किती घट्ट आहे, हे २०२० च्या मे महिन्यात दिसलं. महाराष्ट्र सरकारने कोविडसाठी खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे कमाल दर ठरवले, तेव्हाही मोजमाप वॉर्डाचंच होतं: साधारण व विलगीकरण वॉर्ड रोज ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००.

एक छोटी पण चुकवण्याजोगी गोष्ट कराची. १८ जुलै २०२२ पासून, रोजचं भाडं ५,००० रुपयांपेक्षा जास्त असलेल्या खोलीवर ५ टक्के जीएसटी लागतो. आयसीयू आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग यातून वगळलेले आहेत. कर ५,००० च्या वरच्या भागावर नसून पूर्ण भाड्यावर असतो. म्हणजे ४,९०० रुपयांच्या खोलीवर शून्य, आणि ५,१०० रुपयांच्या खोलीवर रोज २५५ रुपये.

आता विमा. खरा घोळ इथेच होतो, म्हणून जरा सावकाश जाऊ.

पुष्कळ पॉलिसींमध्ये खोलीच्या भाड्याला मर्यादा असते. जुन्या पॉलिसींत आणि कंपन्यांच्या गट विम्यात ती बहुधा विमा रकमेच्या १ टक्का रोज अशी आढळते. २०२० मध्ये आलेल्या 'आरोग्य संजीवनी' या प्रमाणित पॉलिसीत ती २ टक्के, पण जास्तीत जास्त ५,००० रुपये, आणि आयसीयूसाठी ५ टक्के, जास्तीत जास्त १०,००० रुपये अशी ठेवली होती. काही पॉलिसी रकमेऐवजी वर्ग सांगतात, जसं की 'सिंगल प्रायव्हेट एसी रूम'. काहींत मर्यादाच नसते. मर्यादा ओलांडली की विमा कंपनी फक्त भाड्यातला फरक कापत नाही. खोलीशी बांधलेल्या इतर खर्चांनाही त्याच प्रमाणात कात्री लावते. टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था; तिच्या डेस्कवर याला 'प्रपोर्शनेट डिडक्शन', म्हणजे प्रमाणशीर कपात, म्हणतात. विमा कंपनीचा तर्क असा, की तुम्ही पात्र खोलीत राहिला असता तर सर्जनची फीही कमी लागली असती. तेवढीच आम्ही देऊ.

एक कल्पित उदाहरण घेऊ. विमा रक्कम ४ लाख, मर्यादा १ टक्का, म्हणजे रोज ४,००० रुपये. पित्ताशयाची शस्त्रक्रिया, चार दिवसांचा मुक्काम. ट्विन शेअरिंगमध्ये राहिल्यास भाडं १६,०००, सर्जन, भूल, थिएटर, राउंड, नर्सिंग मिळून ८०,०००, औषधं आणि साहित्य ३०,०००, तपासण्या १४,०००. एकूण १,४०,००० रुपये, आणि किरकोळ न मिळणाऱ्या बाबी सोडल्या तर सगळं विम्यातून जातं.

आता हेच सिंगल रूममध्ये. भाडं ३२,०००, त्यावर जीएसटी १,६००. सर्जन ते नर्सिंग हा गट २५ टक्क्यांनी चढून १,००,०००. औषधं तीच, ३०,०००. तपासण्या १६,०००. एकूण १,७९,६०० रुपये. विमा कंपनी काय देणार? भाड्याचे १६,०००. सर्जन-थिएटर गटाचे १,००,००० नाहीत, तर ४,००० भागिले ८,००० या प्रमाणात निम्मे, म्हणजे ५०,०००. औषधं आणि तपासण्या पूर्ण, ४६,०००. मिळून १,१२,०००. उरलेले ६७,६०० रुपये खिशातून. सुरुवातीला घरात मांडलेला आकडा १६,००० चा होता.

या कात्रीला विमा नियामकाने, म्हणजे इर्डाने, जून २०२० च्या परिपत्रकाने काही बांध घातले, आणि ते प्रत्येक विमाधारकाला माहीत हवेत. औषधं व वापराचं साहित्य, इम्प्लांट व वैद्यकीय उपकरणं, आणि तपासण्या या तिन्हींना प्रमाणशीर कपात लावता येत नाही. आयसीयूच्या खर्चाला ती लावता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं: ज्या रुग्णालयात खोलीनुसार दर बदलत नाहीत, किंवा ज्या खर्चाचा दर खोलीनुसार बदलत नाही, तिथे ही कपात चालत नाही. तुमच्या रुग्णालयात सर्जनची फी सगळ्या वर्गांना एकच असेल, तर बिलिंग विभागाकडून तसं पत्र घेऊन दाव्याला जोडा.

मध्येच खोली बदलली असेल, तर वाद याच मुद्द्यावर उभा राहतो. वरच्याच उदाहरणात पेशंट दोन दिवस ट्विनमध्ये होता, शस्त्रक्रिया तिथेच असताना झाली, आणि शेवटचे दोन दिवस तो सिंगलमध्ये गेला असं धरू. रुग्णालयाने दर बदलल्या दिवसापासूनच लावला. भाडं २४,०००, जीएसटी ८००, शस्त्रक्रिया व पहिल्या दोन दिवसांचे राउंड-नर्सिंग ७२,०००, पुढच्या दोन दिवसांचे राउंड-नर्सिंग १०,०००, औषधं-तपासण्या ४४,०००. एकूण १,५०,८००. विमा कंपनीने कपात फक्त शेवटच्या दोन दिवसांच्या १०,००० वर लावली, तर खिशातून १३,८०० जातात. सगळ्या ८२,००० वर लावली, तर ४९,८००. बिल एकच, फरक ३६,००० रुपयांचा. शस्त्रक्रिया पात्र वर्गाच्या दराने आकारली गेली असताना तिच्यावर कपात लावणं माझ्या मते त्या परिपत्रकाच्या हेतूशी विसंगत आहे, आणि हा मुद्दा लेखी मांडायला हवा. पण तो मांडता यावा, यासाठी बिलात तारखेनुसार, वर्गानुसार वेगळ्या ओळी असाव्या लागतात. 'सर्जन चार्जेस' अशा एका ओळीच्या बिलावर भांडता येत नाही.

पॉलिसीत खोलीच्या भाड्याची मर्यादा नसलेल्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वरच्या वर्गातलं चढं बिल विमा रकमेतूनच खर्च होतं. कुटुंबाची मिळून ५ लाखांची पॉलिसी असेल आणि वर्षाच्या सुरुवातीलाच खोलीच्या सोयीसाठी ४०,००० जास्त गेले, तर पुढच्या आजारपणाला तेवढे कमी.

कधीकधी वर्ग बदलण्याचा निर्णय आपला नसतोच. दाखल होताना सांगतात, 'ट्विन फुल आहे, सध्या सिंगल घ्या, खाट रिकामी झाली की हलवू.' अशा वेळी काउंटरवर मागायचं ते हे, की आमची बिलिंग कॅटेगरी ट्विनचीच ठेवा. काही रुग्णालयं हे मान्य करतात. मान्य नसेल, तर पात्र खोली उपलब्ध नव्हती असं तारीख आणि वेळेसह लेखी घ्या आणि टीपीएला त्याच दिवशी कळवा. जंतुसंसर्ग किंवा खालावलेली प्रतिकारशक्ती यामुळे डॉक्टरांनीच स्वतंत्र खोली सांगितली असेल, तर ते वैद्यकीय कारण केस पेपरवर लिहून घ्या. दोन्ही कागदांनी दावा मंजूर होईलच असं नाही, पण कागद नसेल तर बोलायलाही जागा नसते.

केंद्र सरकारी कर्मचारी आणि निवृत्तांच्या सीजीएचएस योजनेत हा प्रश्न जास्त स्वच्छ सोडवलेला आहे. मूळ पगारावर वॉर्ड ठरतो; २०२२ च्या सुधारणेनुसार ३६,५०० रुपयांपर्यंत जनरल, ५०,५०० पर्यंत सेमी-प्रायव्हेट, त्यावर प्रायव्हेट. दरांचा पायाही साधा होता: सेमी-प्रायव्हेटचा दर मूळ, जनरलला १० टक्के कमी, प्रायव्हेटला १५ टक्के जास्त, आणि तपासण्यांचा दर सगळ्यांना एकच. पात्र वर्गाची खोली रुग्णालयाकडे नसेल आणि वरच्या वर्गात उपचार झाले, तरी बिल पात्रतेप्रमाणेच करायचं. पेशंटने स्वतःहून वरची खोली मागितली, तर मात्र वरचा खर्च त्याचा. खासगी विम्यात इतकी स्पष्ट वाट असती, तर निम्मे वाद उभेच राहिले नसते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार चालू असतील, तर खोली बदलण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. योजनेचं पॅकेज साधारण वॉर्ड धरून ठरवलेलं असतं. आपल्या इच्छेने स्वतंत्र खोली घेतल्यावर योजनेचं संरक्षणच हातचं जाणार असेल, तर ते आधी कळलेलं बरं.

आणि पैसे संपत आले म्हणून खाली यावं लागत असेल, तर जनरल वॉर्डाच्याही पलीकडे एक वाट आहे. महाराष्ट्रातल्या धर्मादाय न्यासांच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल घटक. यासाठी बिलिंग काउंटरवर न जाता रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटायचं, रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन. पेशंट दाखल असतानाच भेटा. अंतिम बिल निघाल्यावर बोलणं अवघड होतं.

शिफ्टिंगला होकार देण्याआधी नेमकं काय करायचं, तर दोन्ही वर्गांचं लेखी एस्टिमेट मागायचं. तोंडी आकडा नको. त्यात खोलीच्या भाड्याबरोबर राउंड, नर्सिंग आणि तपासण्यांचे दर असायला हवेत. नवा दर कोणत्या तारखेपासून, आणि झालेल्या शस्त्रक्रियेला तो लागणार का, हे त्याच कागदावर लिहून घ्यायचं. आदल्या दिवसापर्यंतचं इंटेरिम बिल काढून ठेवायचं, म्हणजे नंतर जुन्या नोंदी नव्या दराने बदलल्या तर दिसतील. मग टीपीए डेस्कला विचारायचं की पॉलिसीची मर्यादा किती आणि कपात कशी लावणार. कॅशलेस असेल तर वाढीव रकमेची विनंती त्याच दिवशी जायला हवी, नाहीतर डिस्चार्जच्या वेळी शंका निघतात. अर्ध्या तासाचं हे काम आहे, आणि ते घरातल्या सर्वांत शांत माणसाकडे द्यावं. पेशंटजवळ बसलेल्यावर ते टाकू नये.

दर दाखवायला कुणी टाळाटाळ करत असेल, तर २०२१ साली सुधारलेल्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांचं नाव घ्या. त्यानुसार रुग्णालयाला रुग्णहक्कांची सनद आणि सेवांचे दर दर्शनी भागात लावावे लागतात. तपशीलवार बिल मागणं हा तुमचा हक्क आहे, उपकार नाही.

डिस्चार्जच्या दिवशी कॅशलेसची अंतिम मंजुरी रुग्णालयाची विनंती पोहोचल्यापासून तीन तासांत द्यावी, असं इर्डाने मे २०२४ मध्ये बजावलं आहे. त्याहून उशीर झाल्यामुळे रुग्णालयाने जास्तीचे पैसे लावले, तर ते विमा कंपनीने सोसायचे. कपात चुकीची वाटली तर आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा ते पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे त्यांची कार्यालयं आहेत. त्या तक्रारीला फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.